आडनावाचा धागा आणि आपण बायका

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



वर्धापनदिनाला बाहेरच्या एखाद्या विदुषीला बोलवावे अशी आपली दरवर्षीची पद्धत. यंदा चिटणीसबाईंनी ठरवले की, आपल्यातल्याच एकीने आपण केलेल्या कामाविषयी चार शब्द सांगावेत, आणि त्यांनी माझे नाव घातले. माझे शिक्षण सातवीपर्यंत झालेले. सभेत बोलण्याची सवय नाही, म्हणून लिहून आणले आहे तेच वाचून दाखवते. कुठे समजले नाही तर मध्येच हात वर करून विचारावे. मलाही हे सारे विचारून विचारूनच समजलेले आहे.

गेली तीन वर्षे मी आमच्या आडनावाच्या कुळाचे एक काम स्वयंसेविका म्हणून पाहते. आमचा कुलवृत्तांत पुष्कळ वर्षांपूर्वी छापलेला आहे. तो नवा करावा असे कुलसंमेलनात ठरले. त्याच वेळी परदेशी असलेल्या आमच्या मुलांनी सुचवले की, नुसत्या कागदावर न थांबता डीएनएची तपासणी करून कोणती शाखा कोणाला जवळची ते पाहावे. सगळ्यांना कल्पना आवडली. पण हे काम पाहणार कोण, असे विचारल्यावर मंडपात शांतता पसरली. ज्यांना वेळ होता त्यांना त्यात रस नव्हता, आणि ज्यांना रस होता त्यांना वेळ नव्हता. मी हात वर केला. माझा एक पुतण्या अमेरिकेत असतो. संगणकावरचे काम त्याने पाहावे आणि माणसांचे काम मी पाहावे, अशी आम्ही वाटणी केली.

आता ही तपासणी म्हणजे काय, ते आधी सांगते.

आपल्या शरीराच्या बहुतेक पेशींत गुणसूत्रांच्या २३ जोड्या असतात. प्रत्येक जोडीतले एक आईकडून येते, एक वडिलांकडून. शेवटच्या जोडीवरून मुलगा की मुलगी ते ठरते. मुलीकडे दोन्ही एक्स असतात, मुलाकडे एक एक्स आणि एक वाय. हे वाय फक्त बापाकडून मुलाला मिळते. आडनावही आपल्याकडे तसेच जाते, बापाकडून मुलाकडे. म्हणून एका आडनावाच्या पुरुषांचे वाय ताडून पाहिले, तर त्यांचा मूळपुरुष एक असावा की नाही याचा अंदाज बांधता येतो. गालाच्या आतून बोळा फिरवायचा आणि तो प्रयोगशाळेकडे पाठवायचा, इतकीच ती तपासणी. सुई नाही की रक्त नाही.

वाय जसेच्या तसे उतरते म्हणतात, पण अगदी तंतोतंत नाही. पूर्वी पोथ्यांच्या नकला करीत. नक्कल करणाऱ्याच्या हातून क्वचित एखादे अक्षर चुके, आणि पुढे त्या नकलेवरून जेवढ्या नकला होत तेवढ्यांत ती चूक उतरे. त्या चुकीवरूनच कोणती पोथी कोणत्या पोथीवरून उतरवली ते जाणकार ओळखत. वायचेही तसेच. लहान लहान फरक पडतात आणि ते पुढच्या पिढ्यांत राहतात. दोघांच्या नोंदीत फरक थोडे असले तर त्यांचा सामाईक पूर्वज अलीकडचा, पुष्कळ असले तर फार मागचा किंवा वेगळाच.

हा उद्योग मुळात आपल्याकडचा नव्हे. इंग्लंडमध्ये ऑक्सफर्डचे प्राध्यापक ब्रायन साइक्स यांनी आपल्याच आडनावाच्या ४८ पुरुषांची तपासणी करून २००० साली ती प्रसिद्ध केली. त्यांतल्या जवळजवळ निम्म्यांची वायची खूण एकच निघाली. सात-आठशे वर्षांमागे पडलेले आडनाव, आणि तरी निम्मे लोक एका धाग्यात सापडले, याचे सर्वांना मोठे नवल वाटले. त्याच वर्षी अमेरिकेत टेक्सासमधील ह्यूस्टन येथे फॅमिली ट्री डीएनए ही कंपनी निघाली आणि आडनावांचे गट सुरू झाले. अशा प्रत्येक गटाला एक प्रमुख असतो. त्याला पगार नसतो. माणसे जमवणे, कोणाचे कोणाशी जुळते त्याप्रमाणे नावे लावणे, आलेला निकाल साध्या भाषेत समजावून देणे आणि कागदपत्रांशी ताडून पाहणे, ही त्याची कामे. इंग्लंडमध्ये तर एकेका आडनावाचा अभ्यास करणाऱ्या हौशी लोकांची गिल्ड ऑफ वन-नेम स्टडीज ही संस्था १९७९ पासून आहे. तिथेही सारे काम आवडीने चालते.

पण तिकडची रीत जशीच्या तशी इकडे लागू पडत नाही. लेस्टर विद्यापीठात टुरी किंग या बाईंनी आणि मार्क जॉब्लिंग यांनी ४० इंग्रजी आडनावे तपासली, त्यांचा निबंध २००९ साली निघाला. त्यात असे दिसले की, अ‍ॅटनबरोसारखे विरळ आडनाव असले तर बहुतेकांचा धागा एक निघतो, आणि स्मिथसारखे असले तर निघत नाही. स्मिथ म्हणजे लोहार. गावोगाव लोहार, तेव्हा गावोगाव स्मिथ. आता आपल्याकडे पाहा. कुलकर्णी, देशपांडे, देशमुख, पाटील ही आडनावे हुद्द्यांची. गावाचे दप्तर ज्याच्याकडे तो कुलकर्णी. साऱ्या महाराष्ट्रातल्या कुलकर्ण्यांचे वाय जमवले तर जत्रेतली माणसे मोजल्यासारखे होईल. गावावरून पडलेल्या आडनावांचीही तीच गत. एका गावातून चार निराळी घराणी बाहेर पडली आणि चौघांनाही लोकांनी त्या गावाचेच ‘कर’ लावले. म्हणून आम्ही आडनावाबरोबर मूळ गाव, कुलदैवत आणि उत्सवातला मान अशी तीन खाती वहीत आखली. ती जुळली तरच एका यादीत नाव घालायचे.

या कामासाठी मी बरीच हिंडले. आपल्या सांगली-कोल्हापूरकडे बैल घेऊन येणारे हेळवी तुम्ही पाहिले असतील. घराण्याची नावे ते तोंडाने घडाघडा म्हणतात आणि पुढे आपल्या वहीतूनही दाखवतात. त्र्यंबकेश्वरी आणि नाशकास तीर्थोपाध्यायांकडे वह्या असतात, यात्रेला गेलेल्या आपल्या वाडवडिलांच्या सह्या त्यांत सापडतात. जुने लिखाण मोडीतले. ते मला वाचता येत नाही, त्यासाठी एका निवृत्त गुरुजींना हाताशी धरले. प्रत्येक माणसामागे एक पान केले. त्याने सांगितलेले निराळ्या रकान्यात आणि कागदावर सापडलेले निराळ्या रकान्यात. वाण्याची उधारी लिहावी तसे, त्यात शिक्षण लागत नाही. नीट विचारणे आणि नीट लिहिणे एवढेच लागते.

वाय तपासणी दिली ती परदेशातल्या आमच्या ११ मुलांनी. निरनिराळ्या शाखांतली मुले निवडली होती. निकाल आले तेव्हा नऊ जणांचे एकमेकांशी जुळले. दोघांचे जुळले नाही. ते दोघे एकाच शाखेतले, एकमेकांचे चुलत-चुलत भाऊ. त्यांचे एकमेकांशी चांगले जुळत होते, बाकी कुळाशी नाही. याचा अर्थ असा की, जे काही झाले ते या दोघांच्या पणजोबांच्या आधी झाले. इतके मागचे, की कोणीही हयात माणूस ते सांगू शकणार नाही.

मैत्रिणींनो, माझे खरे काम इथून सुरू झाले, आणि आज मला सांगायचे आहे तेही हेच.

कामाच्या समितीत आमच्या कुळातले एक वडीलधारे गृहस्थ आहेत. स्वभावाने वाईट नाहीत, कुलनिधीला त्यांनी पदरचे पैसे घातलेले आहेत. बैठकीत निकालाचा विषय निघाला. कोणत्या शाखेचा निकाल ते मी अजून सांगितलेही नव्हते. एवढ्यात ते म्हणाले, “कोणा खापरपणजीने कुळाला बट्टा लावलेला दिसतो.” चार जण हसले. मी विचारले, “त्या बाईंचे नाव काय?” कोणाला सांगता येईना. छापील कुलवृत्तांत तिथेच होता. तो उघडून पाहिला. त्या काळातल्या सर्व शाखांत पुरुषांची नावे आहेत, आणि ‘भार्या’ या शब्दापुढे नुसती रेघ आहे. मी म्हणाले, “जिचे नाव लिहून ठेवावे असे आपल्याला वाटले नाही, तिच्या वागणुकीची माहिती मात्र आपल्याकडे आहे, हे कसे?”

यात माझी हुशारी नाही. ती रेघ सगळ्यांच्या डोळ्यांसमोर होती. पण बैठकीत मी एकटीच बाई होते, म्हणून ती मला टोचली.

धागा जुळला नाही याची कारणे किती असू शकतात ते आपणच मोजू या. घरात मूल नाही म्हणून दत्तक घेतलेले असेल. भाऊबंदातला मुलगा घेतला तर वायची खूण तीच राहते, मुलीचा किंवा बहिणीचा मुलगा घेतला तर बदलते. जावई घरजावई होऊन राहिला आणि मुलांना आजोळचे आडनाव लागले, तरी बदलते. पाट लावून आलेल्या बाईबरोबर तिचा आधीचा मुलगा आला आणि तोही या घरचाच झाला. पटकी-प्लेगाच्या साथीत आईबाप गेलेले शेजारचे पोर कोणी घरात वाढवले. एखादे कुटुंब गाव सोडून आले आणि नव्या गावात आश्रय देणाऱ्याचेच आडनाव त्याला चिकटले. आणि असेही असेल की, एखाद्या बाईवर जबरदस्ती झाली आणि तिने ते कोणाला सांगितले नाही. यांतले कोणते घडले ते वाय सांगत नाही. धागा बदलला एवढेच ते सांगते. पुढचे सगळे आपण आपल्या मनचे घालतो, आणि मनचे घालताना पहिल्यांदा बाईच आठवते.

लोक अशा वेळी आकडेही वाटेल ते फेकतात, दहात एक, पाचात एक असे. बेल्जियममधल्या लूव्हेन विद्यापीठातील संशोधकांनी जुन्या वंशावळी आणि वाय तपासणी एकमेकांशी ताडून २०१३ साली जो हिशेब मांडला, त्यात दर पिढीला शंभरात सुमारे एक एवढेच प्रमाण आले. पण दहा पिढ्या धरल्या तर शंभरातल्या नऊ-दहा घरांचा धागा कुठेतरी बदललेला असणार, हेही त्याच हिशेबाने निघते. दत्तक, घरजावई हे त्याशिवाय. म्हणजे आज या दिवाणखान्यात बसलेल्या आपणा सर्वांची घरे तपासली, तर काहींचा धागा बदललेला निघायचाच. तो कोणाचा, ते सांगता येत नाही म्हणून आपण निर्धास्त आहोत, इतकेच.

धाग्यावरून घर ठरत नाही, हे आपल्या मुलुखाला कोणी शिकवायला नको. कोल्हापूरचे राजर्षी शाहू महाराज जन्माने कागलच्या घाटग्यांचे, मूळ नाव यशवंतराव. १८८४ साली आनंदीबाई राणीसाहेबांनी त्यांना दत्तक घेतले. वायच्या हिशेबाने घाटगे आणि जगाच्या हिशेबाने छत्रपती. त्यांनी १९०२ साली मागासलेल्यांसाठी नोकरीत जागा राखून ठेवल्या, त्यावर कोणाच्या धाग्याची सही होती असे कोणी विचारले नाही. उलट दत्तक मानायचे नाही असे ज्याने ठरवले तो डलहौसी. कंपनीची परवानगी नसलेले दत्तक गादीचे वारस नव्हेत, असे म्हणून त्याने १८४८ साली सातारा घेतला आणि १८५४ साली झाशी. झाशीच्या राणीने मांडीवर घेतलेला मुलगा तिचाच होता, यात आपल्यापैकी कोणाला शंका आहे? मग आपल्याच कुळातल्या एका शाखेला आपण कोणत्या तोंडाने परके म्हणायचे?

बाहेरची दोन उदाहरणे सांगते, त्यांत बायकांचा संबंध आहे. इंग्लंडचा राजा तिसरा रिचर्ड १४८५ साली लढाईत मारला गेला. २०१२ साली लेस्टर गावात मोटारी उभ्या करण्याच्या जागेखाली त्याचा सांगाडा सापडला. तो शोध लावून धरला फिलिपा लँगली या बाईंनी. त्या काही पुरातत्त्वाच्या पदवीधर नव्हत्या. ध्यास घेऊन त्यांनी वर्षानुवर्षे पाठपुरावा केला. सांगाडा रिचर्डचाच हे डीएनएवरून ताडून पाहिले टुरी किंगबाईंनी, त्यांचे नाव मघा आलेच. कसे ताडले? वाय असते तसा आणखी एक अंश असतो, तो आईकडून सर्व मुलांना मिळतो, पण पुढे देतात त्या फक्त मुलीच. आई, आईची आई, तिची आई असा तो धागा जातो. राजाची बहीण, तिची मुलगी, तिची मुलगी अशा पाचशे वर्षांच्या बायकांच्या ओळीतून आलेली दोन माणसे आज हयात निघाली, आणि त्यांच्याशी सांगाडा जुळला. आणि बापाकडच्या ओळीतले पाच पुरुष तपासले, त्यांच्यातल्या एकाशीही राजाचे वाय जुळले नाही! राजघराणे, पिढ्यान्‌पिढ्यांची वंशावळ लिहून ठेवलेली, आणि तरी पुरुषांचा धागा कुठेतरी बदललेला. कुठे, ते आजही कोणाला सांगता येत नाही.

दुसरे उदाहरण अमेरिकेचे. राष्ट्राध्यक्ष थॉमस जेफर्सन यांच्या घरी सॅली हेमिंग्ज नावाची गुलाम स्त्री होती. तिची मुले जेफर्सनचीच, असे तिच्या मुलाने, मॅडिसनने, १८७३ साली एका वर्तमानपत्रात सांगितले होते. तिच्या वंशजांनीही ते पिढ्यान्‌पिढ्या सांगितले. पुष्कळ मोठ्या पंडितांनी ते खोटे ठरवले होते. १९९८ साली जेफर्सनच्या चुलत्याच्या वंशजांचे वाय आणि सॅलीचा धाकटा मुलगा एस्टन याच्या वंशजाचे वाय ताडले, ते जुळले. जेफर्सन घराण्यातलाच कोणीतरी पुरुष हे त्यावरून ठरले, आणि बाकीचे पुरावे जमेस धरून जेफर्सनचे घर सांभाळणाऱ्या संस्थेने २००० साली मान्य केले की, बाप बहुधा थॉमस जेफर्सनच. तेव्हा ही तपासणी एका बाईचे म्हणणे खरेही करू शकते. सगळे ती वापरणाऱ्यावर आहे.

पुन्हा आमच्या कामाकडे येते. तपासणी दिली ती परदेशातल्या मुलांनी, पण निकालाची झळ लागणार होती ती इथल्या घराला. त्या दोघांपैकी एकाचा मला फोन आला, “काकू, बाबांना मी कसे सांगू?” मी म्हटले, “तू फोनवर सांगू नकोस. मी जाऊन येते.” धाकट्या जाऊबाईंना बरोबर घेतले आणि एसटीने त्यांच्या गावी गेले. म्हातारबुवांनी सगळे ऐकून घेतले. बराच वेळ सुपारी कातरत बसले. मग एवढेच विचारले, “मग पालखीचा पहिला नैवेद्य आमच्याकडे राहणार का काढून घेणार?” पिढ्यान्‌पिढ्या उत्सवात त्यांच्या घरचा नैवेद्य पहिला असतो. गुणसूत्र म्हणजे काय याच्याशी त्यांना कर्तव्य नव्हते. त्यांच्या घरातल्या बाईने पहाटे उठून सोवळ्याने रांधलेला नैवेद्य देवीपर्यंत पोहोचणार की नाही, हा त्यांचा प्रश्न होता. मी सांगितले, “समितीचे समितीला, पण माझ्या वहीत तुमची शाखा आहे तिथेच राहील.”

पुढच्या बैठकीत मी चार नियम मांडले. पुष्कळ वाद होऊन ते मंजूर झाले. पुढेमागे तुमच्यापैकी कोणाच्या कुळात असे काम निघाले तर उपयोगी पडतील, म्हणून सांगते.

पहिला नियम असा की, बोळा फिरवण्याआधी घरी बोलायचे. नुसते तपासणी देणाऱ्याशी नव्हे, त्याच्या आईवडिलांशीही. जुळले नाही तर काय, हा प्रश्न आधी विचारायचा आणि उत्तर लिहून घ्यायचे. नको म्हणणाऱ्याला पुन्हा गळ घालायची नाही.

दुसरा, निकाल ज्याचा त्याला आधी. तो हो म्हणेल तेवढाच समितीपुढे ठेवायचा. कुळाच्या व्हॉट्सअ‍ॅपच्या गटावर एक अक्षर टाकायचे नाही. कंपनीच्या गटातही प्रमुखाला किती दिसावे ते तपासणी देणाऱ्याने ठरवायचे असते, तेव्हा घरच्यांनी त्याहून सैल राहण्याचे कारण नाही.

तिसरा, निकालावरून कोणाचे नाव वंशावळीतून काढायचे नाही आणि कोणाचा मान बदलायचा नाही. जिथे धागा निराळा तिथे ‘धागा निराळा, कारण अज्ञात’ एवढेच टिपणात राहील, तेही त्या घराची संमती असेल तर.

चौथा, पुरुषाच्या नावापुढे त्याच्या बायकोचे नाव आणि माहेर मिळेपर्यंत ते पान पुरे झाले असे समजायचे नाही. मुलींची नावेही सासरच्या आडनावासह लिहायची.

या चौथ्या नियमासाठी मी पुन्हा त्र्यंबकेश्वरी गेले. उपाध्यायांनी जुनी वही काढली. गुरुजींनी पाने उलटली. त्या शाखेतला एक मुलगा आईला घेऊन यात्रेस आला होता, त्याची नोंद मिळाली, आणि तिच्यात आईचे नाव लिहिलेले होते. धागा का बदलला ते तिथेही नव्हते, आणि आता ते कधी कळेल असे मला वाटत नाही. पण कुलवृत्तांतात जिच्यापुढे रेघ होती तिचे नाव मिळाले. ते मी इथे सांगत नाही, त्या घरचे आहे, त्यांना नेऊन दिले. म्हातारबुवांनी ते सुनेकडून देवघराच्या भिंतीवर लिहून घेतले. बैठकीतले ते गृहस्थ मात्र अजून माझ्याशी मोकळेपणाने बोलत नाहीत. नियमांवर त्यांनी सही केली आहे, तेवढ्यावर मी समाधानी आहे.

सावधगिरीच्या दोन गोष्टी सांगणे माझे कर्तव्य आहे. एकाची तपासणी ही एकट्याची नसते. तीत भाऊ, चुलते, मुले सगळ्यांचा अंश येतो. अमेरिकेत २०१८ साली एका जुन्या खुन्याला पोलिसांनी पकडले, ते त्याच्या दूरच्या नातलगांनी हौसेने दिलेल्या डीएनएवरून. तो पकडला गेला हे चांगलेच झाले, पण आपण दिलेले कुठवर पोहोचते ते यावरून कळावे. ट्वेंटीथ्री अँड मी या मोठ्या कंपनीतून २०२३ साली जवळजवळ ६९ लाख लोकांची माहिती चोरीस गेली, आणि २०२५ साली त्या कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला. तेव्हा माहिती कोणाकडे राहणार आणि ती पुसून घेता येते की नाही, हे विचारल्याशिवाय कोणत्याही कंपनीला बोळा पाठवू नये.

दुसरे असे की, यावरून कोणी जातीची किंवा कुळाची बढाई मारू लागले तर त्याला एक हिशेब घालावा. आई आणि बाप मिळून दोन. त्यांचे आईबाप चार. मग आठ, मग सोळा. असे दुप्पट करीत दहा पिढ्या मागे गेले की, पूर्वजांच्या जागा होतात १०२४. त्यांतली वायच्या धाग्यावरची जागा एक. बाकीच्या १०२३ जागांवरच्या माणसांचेही आपण तितकेच. आणि त्या १०२४ पैकी ५१२ बायका. आडनावाच्या वंशावळीत त्यांतली एकही मूळ म्हणून दिसत नाही.

एक बाई मला म्हणाल्या, “अहो, ज्या तपासणीत आपल्याला जागाच नाही तिच्यात तुम्ही कशाला पडलात?” माझे उत्तर असे की, वाय आपल्याकडे नाही, म्हणून तपासणी आपली होत नाही, पण निकाल वाकडा आला की बोट आपल्याकडे वळते. शंभर-दोनशे वर्षांपूर्वी गेलेली बाई उठून उत्तर द्यायला येत नाही. तिच्या वतीने बोलणारी एक तरी बाई त्या बैठकीत पाहिजे. म्हणून तुमच्या सासरी किंवा माहेरी कुलवृत्तांताचे, वंशावळीचे, डीएनएचे काम निघाले, तर चहाच्या व्यवस्थेपुरते हो म्हणू नका. वही आपल्याकडे मागून घ्या.

आणि आपल्या मंडळापुरती एक विनंती आहे. अध्यक्षबाईंची परवानगी घेतलेली आहे. चिटणीसबाईंकडे ५० कोऱ्या वह्या ठेवल्या आहेत. प्रत्येकीने एक न्यावी आणि पहिल्या पानावर स्वतःचे नाव, त्याखाली आईचे, त्याखाली आईच्या आईचे, असे जमेल तितके लिहीत जावे. माहेरचे गाव आणि सासरचे गाव दोन्ही लिहावे. मी घरी बसले तेव्हा माझे चौथ्या नावाशी थांबले. पाचवे माझ्या ९१ वर्षांच्या मावशीने सांगितले. घरात म्हाताऱ्या बायका आहेत तोवर हे विचारून घ्यावे, पुढे कुठल्याही प्रयोगशाळेत नावे मिळत नाहीत. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला वह्या घेऊन यावे, त्या वेळी ज्यांना मोडीतले काही वाचून हवे असेल त्यांच्यासाठी गुरुजी येण्याचे कबूल झाले आहेत.